तीन नवे, एक जुना

चार सिलिंडरच्या गाडीचे प्लग बदलायचे, तर तीनच नवे का घालायचे? चौथा जुना का ठेवायचा?

हे मी दादाला विचारलं, रशीदचाचांना विचारलं, परभणीच्या पार्टवाल्याला विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. दादाला विचारलं की तो हात पँटीला पुसायचा आणि म्हणायचा, "आधी सेल्फ मार!" सेल्फ मारला की गाडी चालू व्हायची, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू यायचं नाही. विषय संपला!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुभाष. मानवतला मोंढ्याच्या पलीकडं त्याचं गॅरेज. पेट्रोलच्या गाड्या तोच करायचा. अख्खा गाव त्याला मिस्त्री म्हणायचा, आणि मी मिस्त्रीचा भाऊ मिलिंद, म्हणजे मिल्या. सातवीत शाळा सोडली आणि दादाच्या हाताखाली पाना धरला. माझं डोकं लवकर तापतं, त्याचं कधी तापायचं नाही. एवढाच आमच्यातला फरक.

दिवाळीनंतर दादा गेला. तेव्हापासून बाकड्यावर रोज कुणीतरी येऊन बसतं आणि एक किस्सा सांगून जातं. आमच्या बाकड्याखाली एक पत्र्याचा डबा आहे, जुन्या प्लगांचा. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, फेकायचे राहिले म्हणून साठले. किस्स्यांचं तसंच आहे. माणूस असतो तोवर कुणाचं लक्ष नसतं. गेला की डब्याला लाथ लागते आणि सगळे गडगडत बाहेर येतात.

त्यातले थोडे सांगतो.

*

मोंढ्यातल्या एका कापूसवाल्या शेठची फियाट होती. पांढरीशुभ्र. शेठला सगळं नवं लागायचं. सीटकव्हर नवं, हॉर्न नवा, आरशाला लटकवलेला हारसुद्धा रोज नवा.

दादानं तीन प्लग बदलले आणि बॉनेट लावलं. उरलेला चौथा नवा प्लग कागदात गुंडाळून शेठच्या हातात दिला. हा त्याचा नियमच होता. प्लग गिऱ्हाइकाचा, तो आपल्याकडं ठेवायचा नाही.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, हा राहिला की!"

"राहिला न्हाई, ठेवला. जुना एक आत असू द्या, शेठ."

"छे, छे! माझ्याकडं जुनं काही चालत नाही. जुनं दिसलं की मी काढून टाकतो!"

मागच्या सीटवर शेठची आई बसली होती. चांगली ऐंशीच्या घरातली. तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि म्हणाली,

"मिस्त्री, मग मला बी हितंच उतरून घ्या!"

शेठनं तो प्लग मुकाट्यानं खिशात घातला. फियाट तीन नव्या आणि एका जुन्यावर घरी गेली, आणि त्यानंतर कधी शेठनं चौथ्याचं नाव काढलं नाही!

*

आता प्लग निवडायचे कसे, ते सांगतो. लोकांना वाटतं, गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार प्लग देतो. देतो, खरंय. पण दादाचं तेवढ्यावर भागायचं नाही. प्लग दोन तऱ्हेचे. एक गरम चालतो, एक थंड. जी गाडी गावातल्या गावात हळूहळू फिरते तिला गरम पाहिजे, नाहीतर काजळी धरते. जी माणसं भरून लांब पळते तिला थंड पाहिजे, नाहीतर टोक जळतं. म्हणून दादा गाडीचं नाव नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "कुठं कुठं जाता? संगं कोण असतं?"

एका बाईमाणसानं ह्या प्रश्नावर घाबरून नवऱ्याकडं बघितलं होतं, तो किस्सा राहू द्या.

आमच्या गल्लीत एक रिटायर गुरुजी होते. त्यांनी हौसेनं जुनी अँबेसिडर घेतली. गाडी घरापासून वाचनालयापर्यंत जायची आणि परत यायची. मधे दुसरा गिअरसुद्धा पडायचा नाही. प्लग काढले तर तव्याच्या बुडासारखे काळे!

दादा म्हणाला, "गुरुजी, प्लग चांगले हायत. गाडीला करमत न्हाई."

"म्हणजे काय करू?"

"दर रविवारी येलदरीपर्यंत न्या. धरण दाखवा तिला. चांगली तापू द्या आणि परत आणा. दोन-तीन महिने असं करा, नवे प्लग लागायचे न्हाईत."

गुरुजींनी औषध सुरू केलं. एकटं कशाला जायचं, म्हणून बाईंना बरोबर घेतलं. बाई लग्न होऊन मानवतला आल्या होत्या, त्या माहेराशिवाय कुठं गेल्याच नव्हत्या. आता दर रविवारी दशम्या बांधून धरणावर! एकदा तर तिथल्या भोयाकडून मासे घेऊन आल्या. गुरुजी माळकरी, त्यांनी गाडीच्या काचा उघड्या ठेवून येलदरी ते मानवत नाक धरून गाडी चालवली म्हणे.

दोन-तीन महिने झाले. एका दुपारी बाई एकट्याच गॅरेजवर आल्या. पदर नीट केला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या,

"मिस्त्री, उद्या हे येणारेत, प्लग दाखवायला. बरे झाले असले तरी सांगू नका हां!"

दादानं दुसऱ्या दिवशी प्लग काढले. लख्ख होते. भिंगातून बघावेत तसे डोळे बारीक करून बघितले आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "गुरुजी, अजून थोडी कसर हाय."

*

रशीदचाचा आमच्या शेजारचे. गाड्यांचा पत्रा ठोकतात. दिवसभर हातोडी चाललेली, त्यामुळं बोलायचं म्हटलं की ओरडूनच बोलतात. अगदी कानात सांगायची गोष्टसुद्धा.

मी एकदा वैतागून विचारलं, "चाचा, दादा एक प्लग जुना ठेवतो. कुठल्या कंपनीत असं करतात का? तुमीच सांगा."

चाचांनी हातोडी खाली ठेवली. "अरे मिल्या, हमारे घर में बी ऐसाच है. तीन बहुआं नई, और एक हमारी बेगम पुरानी."

"बरं मग?"

"मग क्या? इंजन कौन चलाती, मेरेकू नको पूछ!"

पत्र्याच्या पलीकडून आवाज आला, "मैं सुन रई हूं!" बेगम डबा घेऊन आल्या होत्या. चाचांनी परत हातोडी उचलली आणि ज्या मडगार्डाला ठोकायची काही गरज नव्हती ते ठोकत बसले.

*

आमचं गावातलं घर जळालं त्या साली दादा मला आणि आईला घेऊन मानवतला आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, त्या नामांतराच्या दंगलीचं साल. मी लहान होतो. मला घर आठवत नाही, वास आठवतो. दादाला सगळं आठवत होतं.

पुढं कितीतरी वर्षं मोर्चे चालले होते. नामांतर करा म्हणणाऱ्यांचे, नको म्हणणाऱ्यांचे. एका सकाळी नको म्हणणाऱ्यांची जीप बरोब्बर आमच्या गॅरेजसमोर आली आणि खोकायला लागली. वर भोंगा, आत पोरं. भोंग्यातनं घोषणा, खालून फट् फट्. शेवटी बंदच पडली. ड्रायव्हरनं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, दादाकडं बघितलं, आणि बिचारा उतरायलाच तयार होईना.

दादाच गेला. "बॉनेट उघडा."

मी त्याला बाजूला ओढलं. माझं डोकं फिरलं होतं. "दादा, फुटका प्लग घाल. फाट्याच्या पुढं उन्हात बसू दे ह्यांना!"

दादानं माझा हात सोडवला. प्लग काढले, घासले, एक गेलाच होता तो बदलला. टोकांमधला गॅप बघितला. "सेल्फ मार." जीप अशी गुरगुरली की पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग आपण कुठं टाळ्या वाजवायलोत हे लक्षात येऊन थांबवल्या. ड्रायव्हरनं हात जोडले. जीप गेली.

मी फुरंगटून बसलो. म्हटलं, "एवढं चांगलं करायची काय गरज होती?"

दादा म्हणाला, "अरे लेका, चांगलं न्हाई केलं तर ती हितंच उभी ऱ्हायली असती. दिवसभर भोंगा तूच ऐकला असतास का?"

*

दादाचंही चुकायचं. फार नाही, पण चुकलं की जोरात चुकायचं.

काशीनाथची जीप होती, मानवत-परभणी शिटा मारायची. काशीनाथ आमच्या वस्तीतलाच, दादाच्या बरोबरीचा. एकदा त्याचे प्लग काढले तर टोकं पांढरीफट. दादा म्हणाला, "काशीनाथ, लय माणसं कोंबायलास. इंजिन जळायलंय."

"आईच्यान, न्हाई कोंबत! बसतील तेवढीच घेतो."

"प्लग खोटं बोलत न्हाई."

"म्हंजी मी बोलतो?"

दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. काशीनाथ शिटा कमी घेऊ लागला. तरी प्लग पांढरेच. शेवटी दादानं कार्बोरेटर खोलला तर जेटमध्ये कचरा! पेट्रोलच कमी जात होतं. माणसांचा काही संबंधच नव्हता.

दादा माफी मागायला स्टँडवर गेला. काशीनाथ तोंड फिरवून बसला. मग दादानं काय करावं? जीपच्या फूटबोर्डावर चढला आणि स्वतः शिटा बोलवायला लागला. "परभणी! परभणी! चला परभणी!" दादाचा आवाज म्हणजे कोरडी बेअरिंग. एक म्हातारी जीपकडं येत होती ती दचकली आणि वळून एसटीत बसली. तिच्या मागं तिची माणसंही गेली. दादा आणखी मोठ्यानं, "परभणी! परभणी!"

काशीनाथ खाली उतरला आणि त्यानं दादाचे पायच धरले.

"मिस्त्री, माफ केलं! समदं माफ केलं! पण तू आता गप ऱ्हा, माझं पोट हाय ह्या गाडीवर!"

*

परभणीचा पार्टवाला तर मला बघितला की कपाळाला हात लावायचा. मी म्हणायचो, तीन द्या. तो म्हणायचा, खोक्यात चार येतात. मी म्हणायचो, खोकं फोडा. तो म्हणायचा, खोकं फुटत नाही. मग मी भांडायचो. दादा मला सांगायचा, "चार आण की, चौथा गिऱ्हाइकाला देऊ." पण मला ते पटायचं नाही. तीन लागतात तर चार का घ्यायचे? भांडण हे माझं काम, आणि मी ते इमानदारीनं करायचो.

दिवाळीनंतरच्या त्या दिवशी सकाळी काशीनाथची जीप आली. मिसिंग होती, अडखळत चालत होती. दादानं तीन प्लग काढले, बघितले. गेले होते. चौथा काढलासुद्धा नाही. मग मला म्हणाला, "थंडीचे दिवस हायत, पण काशीनाथ आता पार जिंतूरपर्यंत जायलाय. एक नंबर जास्त थंडच आण." मी निघालो तर मागून ओरडला, "भांडू नको रे!"

मी गेलो. भांडलो. पार्टवाला त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, हसला आणि म्हणाला, "घे बाबा, जिंकलास." त्यानं खोकं फोडलं आणि तीन दिले. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून सारखा खिसा चाचपत होतो. दादाला सांगायचं होतं, बघ, शेवटी फोडलंच खोकं!

मी मोंढ्यात उतरलो तेव्हा गॅरेजवर कुणी नव्हतं. रशीदचाचांच्या पत्र्यावर हातोडी तशीच पडलेली.

दादाच्या छातीत कळ आली ती जीपशेजारीच. गॅरेजमध्ये गाड्या होत्या, पण एकही जायच्या कामाची नव्हती. एकीचं इंजिन खाली, एकीला चाकं नाहीत, आणि जीपचे प्लग माझ्या खिशात. चाचांनी त्याला हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पळत. चाचा आता पळण्याच्या वयाचे नाहीत.

बास. ह्यात किस्सा नाही.

*

जीप तशीच उभी राहिली. प्लग काढल्यावर भोकात कचरा जाऊ नये म्हणून दादा कापडाचे बोळे घालायचा. त्यानं त्या दिवशीही घातले होते, त्याच्याच जुन्या निळ्या शर्टाचे. तीन बोळे. ते त्याच्या हातानं घातलेले. मी तीनदा-चारदा बॉनेट उघडलं, ते निळं दिसलं की बंद केलं. जलदानविधी झाला, पाहुणे गेले, तरी माझा हात त्या बोळ्यांना लागेना. नवे प्लग देव्हाऱ्यात ठेवावेत तसे फळीवर ठेवलेले.

काशीनाथचं पोट त्या जीपवर. पण त्यानं एकदासुद्धा विचारलं नाही, कधी करतोस. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजानं जायला लागला. संध्याकाळी यायचा, फडक्यानं जीपची काच पुसायचा, चहा प्यायचा, जायचा. स्टँडवर कुणीतरी त्याला म्हणालं, "काय रे, जीप मिस्त्रीच्या घरी दिली का? दुसऱ्या गॅरेजला ने की ओढून."

काशीनाथ म्हणाला, "कामून न्यायची? माझी जीप बरी हाय. धाकला मिस्त्री आजारी हाय."

हे मला चाचांनी सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं. मी पान्यांचा डबा उचलून भिंतीवर फेकला. चाचा खाली बसून एकेक पाना गोळा करायला लागले. मग मीही बसलो.

*

आता शेवटचा.

संक्रांतीला नामांतर झालं. रेडिओवर सांगितलं आणि वस्तीत पोरं नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना औरंगाबादला जायचं होतं, विद्यापीठाचं गेट बघायला. एसट्या भरून गेलेल्या. आठ-दहा माणसं गॅरेजवर येऊन थांबली. म्हाताऱ्या पांढरी लुगडी नेसलेल्या, भाकरी बांधून घेतलेल्या. काशीनाथही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळे नुसते जीपकडं बघत उभे. मला रागच आला. म्हटलं, "बघता काय? एसटी न्हाई का?"

तेवढ्यात वहिनी आली. माझ्या दादाची बायको. तिनं सरळ बॉनेट उघडलं. वाकून बघितलं, आणि म्हणाली, "ह्यो शर्ट मीच फाडून दिलता त्यांना. कडा चांगल्या हायत म्हनलं तरी ऐकलं न्हाई." आणि तिनं पहिल्या बोळ्याला हात घातला.

मी ओरडलो, "वैनी, थांबा! वरचा कचरा आत पडंल!"

मग मीच पुढं झालो. फुंकर मारली. ब्रशनं कडा झाडल्या. पहिला बोळा काढला, वहिनीच्या हातात दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. फळीवरचे प्लग आणले, गॅप बघितला, हातानं फिरवून बसवले, मग पान्यानं आवळले. चाचांनी बॅटरी आणून जोडली. "हो गया," हे त्यांनी चक्क हळू आवाजात सांगितलं.

चौथ्यावर मी पाना चढवला. दादानं ज्याला त्या दिवशी हात लावला नव्हता, तो. काढून एकदा बघावासा वाटला. खूप वाटला.

पाना उतरवला. वायरी लावल्या. बॉनेट टाकलं.

मागं एक कॉलेजचा पोरगा उभा होता, चष्मेवाला, परभणीहून मामाकडं आलेला. त्यानं माझा खांदा हलवला. "अहो भाऊ, तीनच बदलले तुम्ही. चौथा राहिला की! तो जुना का ठेवला?"

काशीनाथनं माझ्याकडं बघितलं. वहिनीनं बघितलं.

मी हात पँटीला पुसले.

"आधी सेल्फ मार!" म्हटलं.